घरची कोल्ड कॉफी पाणचट का होते?

प्रश्न: इन्स्टंट कॉफी, दूध, साखर, बर्फ सगळं एकदम मिक्सरला फिरवते. दहा मिनिटांत पाणी सुटतं. काय चुकतंय?

उत्तर १: बर्फ मिक्सरमध्ये घालू नका, चुरा झाला की लगेच वितळतो. दोन चमचे कॉफी आणि तीन चमचे साखर आधी पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवा, नाहीतर गुठळ्या राहतात. मग २०० मिली थंडगार सायीचं दूध घालून ३० सेकंद फिरवा. बर्फ थेट ग्लासात.

उत्तर २: त्यातही बर्फ कॉफीचाच करा! काळी कॉफी ट्रेमध्ये गोठवा. वितळली तरी चव उतरत नाही.

उत्तर ३: दुधाशिवाय हवी तर ५० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी ४०० मिली पाण्यात १४ तास फ्रीजमध्ये ठेवा, मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, तळाशी गाळ उतरतो.