अण्णा नाईकांसारखी दुष्ट पात्रे आपण इतक्या आवडीने का पाहतो?

पडवी (प्रश्न)

गेल्या महिन्यात आईकडे राहायला गेले असताना आम्ही दोघींनी ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग पुन्हा पाहायला घेतला. जानेवारी २०१९ मध्ये तो झी मराठीवर सुरू झाला, तेव्हा आई रात्रीची झाकपाक लवकर उरकून १०.३० च्या आत टीव्हीसमोर बसत असे. या वेळीही तसेच झाले. शेजारच्या घरात कोणी बायकोवर आवाज चढवला तरी माझ्या आईचा जीव खालीवर होतो. तीच आई माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक पडद्यावर आले की निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून बसते. अण्णा घरच्या माणसाला कवडीची किंमत देत नाहीत, दुसऱ्याच्या बायकोवर नजर ठेवतात आणि खून करून पचवतात. आई त्यांना तोंडभर शिव्या देते. पण एखाद्या भागात ते फारसे दिसले नाहीत, तर ‘आज काही झालंच नाही’ असेही म्हणते.

माणसाला वाईटाचे आकर्षण असतेच, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण आईला वाईटाचे आकर्षण नाही हे मी जन्मापासून पाहत आले आहे. मग हा आनंद नेमका कशाचा असावा? आपण याविषयी विचार केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

तळकोकण

मी सिंधुदुर्गातला असल्यामुळे मला या प्रश्नावर पहिल्यांदा दशावतार आठवतो. जत्रेच्या रात्री मुख्य आख्यानाआधी संकासुर येतो. अंगावर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लालभडक जीभ अशा रूपात तो आला, की पुढे बसलेली मुले आईच्या कुशीत शिरतात आणि तिथूनच डोकावून पुन्हा त्याच्याकडे पाहतात. त्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात, म्हणजे अपराध लहानसहान नव्हे. तरीही त्याच्या मालवणी बोलण्यावर सगळे देऊळ हसते. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नटाने ते उभ्या उभ्या रचायचे असतात. देवाला मर्यादा सांभाळून बोलावे लागते, राक्षसाला मात्र काहीही बोलण्याची मोकळीक असते. ती मोकळीक ऐकायलाच लोक थंडीत जागतात, असे माझे लहानपणापासूनचे निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विष्णूच्या हातून संकासुराचा वध होणार, हे मांडवातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. अण्णांचेही तसेच आहे. २०१६ मधला मालिकेचा पहिला भाग अण्णांच्या मृत्यूनेच सुरू झाला आणि दुसऱ्या भागात त्यांचे पूर्वायुष्य दाखवले गेले. म्हणजे आपल्या आईंनी अण्णांचा माज पाहिला तो त्यांची तिरडी उठल्यानंतर. निकाल आधीच लागलेला असल्यामुळे न्यायाची काळजी प्रेक्षकाच्या मनावर राहत नाही, आणि माणूस उघड्यावर कसा वागतो हे त्याला निर्धास्तपणे पाहता येते.

तिसरी घंटा

तळकोकण यांचे म्हणणे अण्णांपुरते मला पटते, परंतु जिथे शिक्षेची खात्री नसते तिथे काय, हा प्रश्न उरतो. ‘द सोप्रानोज’ ही अमेरिकी मालिका १९९९ ते २००७ अशी ८६ भाग चालली. तिच्या पाचव्याच भागात तिचा नायक, गुन्हेगारी टोळीतला गुंड टोनी सोप्रानो, मुलीला महाविद्यालये दाखवायला घेऊन जातो आणि वाटेत दिसलेल्या एका जुन्या खबऱ्याला स्वतःच्या हातांनी गळा आवळून मारतो. यामुळे प्रेक्षक नायकावरून मन काढून घेतील, अशी भीती वाहिनीच्या अधिकाऱ्यांना वाटली होती. निर्माते डेव्हिड चेस यांनी प्रसंग बदलला नाही आणि प्रेक्षकही कुठे गेले नाहीत. शेवटच्या भागात तर पडदा एकदम काळा होतो आणि टोनीचे काय झाले हे कोणी सांगतच नाही.

माझ्या मते सगळी करामत आपल्याला कोणाजवळ बसवले जाते, यात आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, अमली पदार्थ बनवू लागलेला शिक्षक वॉल्टर व्हाइट या धंद्यातला आपला साथीदार जेसी याच्या खोलीत येतो. जेसी आणि त्याची मैत्रीण जेन नशेत निपचित पडलेले असतात. जेसीला हलवताना त्याच्याच धक्क्याने जेन उताणी होते आणि तिला झोपेतच उलटी होऊन श्वास कोंडू लागतो. वॉल्टर तिला कुशीवर वळवायला धावतो, हात पुढे करतो आणि थांबतो. त्यानंतर आपण जेनपेक्षा वॉल्टरचाच चेहरा अधिक पाहतो. तोंडावर गेलेला हात, डोळ्यांत आलेले पाणी, आणि मग हळूहळू कोरडा होत गेलेला चेहरा. जेन त्याला पैशांसाठी धमकावत होती, हे आपल्याला माहीत असते, आणि तिची धमकी मिटली म्हणून आपल्यालाही क्षणभर सुटल्यासारखे वाटते. ती सुटका आपल्या मनात उमटली, हे कळण्याचा जो धक्का आहे, त्यासाठी मी हा प्रसंग तीनदा पाहिला आहे.

मरे स्मिथ या अभ्यासकाने १९९५ मध्ये पात्राच्या सोबत असणे आणि पात्राच्या बाजूने असणे यांत भेद केला होता. चांगला लेखक पहिल्याकडून दुसऱ्याकडे आपल्याला नकळत सरकवतो.

ओसरी

वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, पण त्यांतून एक माणूस निसटला आहे, तो म्हणजे दुष्टाच्या घरातली बाई. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये वॉल्टरची बायको स्कायलर त्याला अडवते, जाब विचारते, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवू पाहते. प्रेक्षकांनी राग काढला तो तिच्यावर. तो इतका कडवट होता की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याविषयी लेख लिहिला. इकडे अण्णांच्या पत्नीवर, माईंवर, मात्र सगळ्यांनी जीव लावला. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की माई सोसतात. सोसणारी बाई दुष्टाची गोष्ट पुढे जाऊ देते, म्हणून तिच्यासाठी डोळे पुसणे आपल्याला सोपे जाते. अडवणारी बाई आपली करमणूक बंद पाडायला निघालेली असते. मी स्वतः स्कायलरवर चिडले होते. तेव्हा माझ्या मुलीने मला विचारले, ‘आई, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’ जे स्कायलरने केले तेच, याखेरीज माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पडवी

तिघांचीही मनापासून आभारी आहे. काल रात्री हे सर्व प्रतिसाद आईला वाचून दाखवले. संकासुराचे वर्णन ऐकून ती खुलली, माईंविषयीचे ऐकताना मात्र काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने सांगितले की तिच्या माहेरच्या गावात असा एक माणूस खरोखर होता. तो वाटेने येताना दिसला, की बायका पदर सावरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत, आणि लग्न होऊन गाव सोडेपर्यंत तिने त्याचा चेहरा एकदाही नीट पाहिला नव्हता. ‘अण्णांकडे पाहता येतं गं,’ ती म्हणाली, आणि उरलेली मेथी निवडायला लागली.