मदत हवी आहे: कोटीपोटात चामखिळी निघाल्या, गाय परत फुगतेय

सिन्नर_गोठा:
गाय वारंवार फुगत होती. प्लास्टिक असेल म्हणून डॉक्टरांनी कोटीपोट (चारा साठतो ते मोठं पोट) उघडलं. प्लास्टिक थोडंसंच निघालं, पण अन्ननलिका जिथे कोटीपोटात उघडते तिथे फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या, देठाच्या गाठी होत्या. दोन कापल्या, बाकीच्यांपर्यंत हात पोचला नाही. विषाणूच्या चामखिळी असाव्यात म्हणाले. आता डावी कूस परत वर येतेय. चामखिळीवरचं अँथिओमॅलीन इंजेक्शन द्यायचं का? लवकर सांगा.

पशुवैद्य_निफाड:
वय, वेत, गाभण आहे का, काहीच लिहिलं नाहीत. फुगी मोकळ्या वायूची की फेसाची? नळी घातली का? तोंडात गॅग (तोंड उघडं ठेवणारं साधन) लावून नळी घाला. सरळ गेली आणि वायू सुटला, तर मोकळा वायू. अडकली तर ओठापाशी नळीला चिकटपट्टी लावा, बाहेर काढून मानेच्या बाजूने धरून बघा. अडथळा मानेत आहे की छातीत ते तिथेच कळतं. मानेतली गाठ काढायचा प्रयत्न करता येतो, छातीतली गोठ्यावर काढता येत नाही.

दूधवाला_दिंडोरी:
अँथिओमॅलीन १५ मिली खोल स्नायूत, दिवसाआड, ४ ते ६ वेळा. चामखिळी गळून पडतात. एवढा विचार कशाला?

पशुवैद्य_निफाड:
दादा, कातडीवरच्या चामखिळी काही महिन्यांत बहुतेक आपोआप झडतात, आणि श्रेय शेवटच्या इंजेक्शनला जातं. त्यात अँटिमनी हा विषारी धातू आहे. गाय गाभण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी अडथळा असताना गाठ झडायची वाट बघणं म्हणजे गाय घालवणं.

वनौषधी_येवला:
थुजा (चामखिळीवरचं होमिओपॅथिक औषध) द्या. स्वस्त पडतं.

कासदाह:
त्यापेक्षा त्याच गायीच्या चामखिळीची लस करून घ्या. वाटून, गाळून, फॉर्मॅलिनने विषाणू मारून टोचतात.

पशुवैद्य_निफाड:
ती लस मुख्यतः प्रतिबंधाची, आलेली गाठ घालवायला तिचा भरवसा नाही. शिवाय एका प्रकारची लस दुसऱ्याला आवरत नाही. गुरांच्या चामखिळीच्या विषाणूचे (बीपीव्ही) प्रकार आहेत: कातडीवर सहसा बीपीव्ही-१ आणि २ असतात, तोंड-अन्ननलिका-कोटीपोटात बीपीव्ही-४. अन्ननलिकेत कधीकधी २ सुद्धा. सडावरची चामखीळ वाटून पोटातल्या गाठीवर उपाय होत नाही. घरी तर मुळीच करू नका, जंतू गेले तर टोचल्या जागी गळू होतं.

डांगी_इगतपुरी:
नेचा खाते का? १९७८ साली ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुरांत हेच दाखवलं. एरवी जिरणाऱ्या चामखिळी ब्रॅकन नेचा खाणाऱ्या गुरांत टिकतात, पसरतात आणि त्यांचा कर्करोग होतो. नेचा प्रतिकारशक्ती खचवतो, वर त्यात टाक्विलोसाइड नावाचं कर्करोगकारक असतं. हिमालयाच्या पट्ट्यात याच नेच्याने गुरं लाल लघवी करतात.

कांदाचाळ_लासलगाव:
लाल लघवी? आमच्याकडे सडका कांदा जास्त घातला की होते ती.

डांगी_इगतपुरी:
ते वेगळं. लघवी काचेच्या ग्लासात तासभर ठेवा. तळाशी रक्त बसलं तर मूत्राशयातला रक्तस्राव. सगळी सारखीच लाल राहिली तर रक्तपेशी फुटताहेत, म्हणजे कांदा, गोचीडताप वगैरे.

मालेगाव_७:
लम्पीची लस घेतली का? गाठी दिसल्या की आधी लम्पी बघायचं.

पशुवैद्य_निफाड:
लम्पीच्या गाठी ताप येऊन कातडीवर येतात. देठाच्या, तुऱ्यासारख्या नसतात. ते इथे नको.

सिन्नर_गोठा:
एचएफ संकरित, तिसरं वेत, गाभण नाही. नेचा नाही, मुरघास आणि भरडाच. नळी जाते, थोडी अडून, आणि भरपूर वायू सुटतो. फेस नाही. दोन दिवसांनी परत तेच. कापलेले तुकडे डीप फ्रीजरमध्ये आहेत. दूध घरी वापरावं का?

पशुवैद्य_निफाड:
हा विषाणू माणसाला लागत नाही, पण टीबीची तपासणी होईपर्यंत दूध उकळूनच प्या. छातीतल्या लसिकाग्रंथी टीबीने सुजल्या तरी अन्ननलिका दाबली जाते आणि अशीच फुगी परत परत येते. ट्युबरक्युलिन (टीबीच्या चाचणीचं द्रव्य) ०.१ मिली कातडीत टोचून ७२ तासांनी तिथल्या कातडीची जाडी मोजून घ्या. गाठी दिसल्या म्हणून कारण तेवढंच, असं धरू नका.

तुकडे गोठवले तिथे हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी) गेली, बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. ते पीसीआरला (विषाणूचा डीएनए शोधायच्या तपासणीला) चालतील, बर्फातच पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाला पाठवा. पण पीसीआर नकारार्थी आली म्हणून निश्चिंत होऊ नका. बीपीव्ही-४च्या गाठीचा कर्करोग झाला की त्यात विषाणूचा डीएनए बहुधा सापडत नाही. परत उघडायची वेळ आली तर तुकडा मुळासकट घ्या, सेंटीमीटरपेक्षा जाड नको, रुंद तोंडाच्या बरणीत दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. अरुंद बाटली नको, घट्ट झालेला तुकडा बाहेर निघत नाही.

तोवर डाव्या कुशीत स्क्रू ट्रोकार (कोटीपोटात आट्यांनी बसवायची पोकळ नळी) बसवून घ्या. वायू सुटत राहील, गाय खाईल. भोवतीची जागा रोज पुसा, माश्या बसू देऊ नका, तोंड चाऱ्याने बुजलं तर तारेने मोकळं करा. अँथिओमॅलीन राहू द्या.

सिन्नर_गोठा:
ट्रोकार उद्या बसवतो. ट्युबरक्युलिन इथल्या दवाखान्यात नसेल तर?

पशुवैद्य_निफाड:
नाशिकच्या जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात विचारा. निकाल आला की इथेच टाका, जाडी किती मिलिमीटर वाढली ते सुद्धा.