कपात सूचना, पुरवणी मागण्या, तरतूद : नक्की कोण कोणाकडे काय मागतंय?

अधिवेशन सुरू झालं की बातम्यांत ठरलेलं वाक्य येतं, 'शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांवर विरोधी आमदारांनी कपात सूचना मांडल्या'. आणि त्याच बातमीत दोन ओळी खाली तेच आमदार ओरडतायत की शाळांना पैसे कमी दिलेत, वाढवा. हे काय लॉजिक आहे? पैसे पुरत नाहीत म्हणायचं आणि सूचना कपातीची द्यायची? शिवाय 'विभागाच्या मागण्या' म्हणजे शिक्षकांच्या मागण्या का? कोणीतरी साध्या मराठीत फोड करून सांगा, परिभाषा कोश उघडला की डोकं आणखी फिरतं.

—

मागणी हा शब्द इथे उलट्या बाजूने वाचायचा. मोर्चात मागणारे लोक आणि देणारं सरकार असतं, सभागृहात मागणारं सरकार आणि देणारी विधानसभा. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे प्रत्येक खात्याचा खर्च 'अनुदानाची मागणी' म्हणून विधानसभेपुढे ठेवावा लागतो, आणि विधानसभा त्यावर तीनच गोष्टी करू शकते, मंजूर, नामंजूर, किंवा रक्कम कमी करून मंजूर. वाढवून मंजूर हा पर्यायच नाही! कारण राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी येत नाही, म्हणजे मागायचं सरकारनेच.

मग ज्या आमदाराला म्हणायचंय की शाळांना जास्त द्या, त्याच्या हातात उरतं काय, तर कपात. म्हणून तो कागदावर लिहून देतो की या मागणीतून १०० रुपये कमी करावेत, आणि खाली कारण लिहितो की अमुक तालुक्यात वर्गखोल्या पडायला आल्यात, शिक्षकांची पदं रिक्त आहेत, त्यावर चर्चा करण्यासाठी. हजारो कोटींच्या मागणीतून १०० रुपये, म्हणजे पैसे कापायचा उद्देशच नाही, बोलायला जागा मिळवायचीय. लोकसभेच्या नियमांत याचे तीन प्रकार आहेत, धोरणच मान्य नसेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कापा म्हणायचं, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर ही १०० रुपयांची लाक्षणिक कपात. आपल्याकडे बातमीत सरसकट 'कपात सूचना' एवढंच छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं विरोधक शाळांच्या मुळावर उठलेत.

आणि हो, १०० रुपयांची का होईना, कपात खरंच मंजूर झाली तर तो सरकारवर अविश्वास समजतात. म्हणून शेवटी अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, आणि सत्ताधारी बाक जोरात 'नाही' म्हणून सूचना पाडतात.

—

मस्त समजावलंत. मग 'पुरवणी मागण्या' म्हणजेपण सरकारच्याच?

—

सरकारच्याच. मार्चमध्ये मंजूर झालेले पैसे पुरले नाहीत किंवा मध्येच नवीन योजना काढली तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात सरकार परत येतं, अजून द्या म्हणून. परीक्षेतल्या पुरवणीसारखंच, मूळ पेपर भरला, अजून पान जोडा. कलम २०५. आमदारांचा ठरलेला टोमणा असतो की एवढ्या पुरवण्या लागतात तर मूळ अर्थसंकल्प कसला केला होता, आणि तो टोमणा मला तरी पटतो, मग सरकार कोणाचंही असो.

—

माझी तक्रार 'तरतूद' या शब्दाबद्दल आहे. 'शिक्षणासाठी भरीव तरतूद' असं हेडिंग आलं की लोक धरून चालतात पैसे पोचले. तरतूद म्हणजे फक्त बाजूला काढून ठेवलेत असं कागदावर लिहिलंय. त्यानंतर वित्त विभाग निधी वितरित करणार, तो सगळा एकदम करत नाही, मग खर्च होणार, मग वर्षाच्या शेवटी 'सुधारित अंदाज' येणार आणि त्याच्याही नंतर कधीतरी 'प्रत्यक्ष खर्च' हा आकडा छापला जाणार. तीन आकडे, तिन्ही वेगळे, आणि मंत्री पहिला वाचतात तर आमदार तिसरा, मग टीव्हीवर दोघांची जुंपते आणि दोघंही खरं बोलत असतात.

टक्केवारीचंही तसंच. समजा एका वर्षी एकूण खर्च १०० आणि त्यात शिक्षण २०, पुढच्या वर्षी एकूण १३० आणि शिक्षण २३. मंत्री म्हणतात तीनने वाढ केली, आमदार म्हणतात वीस टक्क्यांवरून साधारण पावणेअठरा टक्क्यांवर आणलंत. 'वाढ' आणि 'वाटा' हे दोन शब्द वेगळे वापरले असते तर अर्धं भांडण मिटलं असतं. तरी बरं, यात महागाई धरलीच नाही. आणि ते सहा टक्के सहा टक्के जे सगळे म्हणतात, कोठारी आयोगापासून (१९६४-६६) ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत, ते अर्थसंकल्पाचे नाहीत, राष्ट्रीय उत्पन्नाचे आहेत. भाषण ठोकताना भले भले तिथे घसरतात.

—

'अनुदान' राहिलंच की! सभागृह खात्याला देतं तेपण अनुदान, सरकार खाजगी संस्थेच्या शाळेला पगारासाठी देतं तेपण अनुदान, गॅस सिलेंडरवर मिळतं तेपण अनुदान. तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्यात, त्यामुळे 'अनुदानाच्या मागणीवर चर्चा' असं वाचून आझाद मैदानात बसलेल्या विनाअनुदानित शिक्षकाला वाटणारच की आपला विषय निघाला.

त्यात पुन्हा 'कायम विनाअनुदानित' हा प्रकार, म्हणजे शाळा काढा पण अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर परवानगी. या एका 'कायम'ने किती लोकांची उमेदीची वर्षं बिनपगारी गेली. २००९ मध्ये शाळांच्या बाबतीत तो शब्द काढला, म्हणजे नुसतं विशेषण गळलं, पण त्यामुळे अनुदान मागायचा हक्क तयार झाला, मग मूल्यांकन आलं, मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे आले. आता 'अंशतः अनुदानित', 'टप्पा वाढ' ही सगळी त्याची पिल्लं. शब्दचर्चा म्हणजे टाइमपास म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

—

दत्तमत आणि भारित यांचा अर्थ सांगा कोणी, अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक पानावर आहेत.

—

दत्तमत म्हणजे ज्यावर विधानसभेचं मत घ्यावं लागतं. भारित म्हणजे ज्यावर चर्चा करा पण मतदान नाही, उदा. कर्जावरचं व्याज, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार. शाळा, दवाखाने सगळे दत्तमत. म्हणजे व्याज कोणी अडवू शकत नाही, शाळेवर मात्र मत घ्यावं लागतं.

—

'महसुली खर्च' पण घ्या, त्याचा महसूल खात्याशी, तलाठ्याशी काही संबंध नाही. पगार, खडू, वीजबिल हे महसुली, इमारत बांधली तर भांडवली. बास.

—

माझा आवडता शब्द 'समर्पित'. न वापरलेला निधी ३१ मार्चच्या आत परत करायचा असतो, त्याला सरकारी मराठीत निधी समर्पित करणे म्हणतात. म्हणजे 'विभागाने इतके कोटी समर्पित केले' असं वाचून कोणी त्याग केला समजू नका, मिळालेले पैसे खर्चता आले नाहीत एवढाच अर्थ. आमदाराने नेमकं यावर बोट ठेवायला हवं, कारण निधी नाही म्हणून शाळेचं छप्पर राहिलं हे एक, आणि निधी होता पण मंजुरीच मार्चमध्ये आली म्हणून राहिलं हे वेगळं, दुसऱ्यात अधिकाऱ्याचं नाव विचारता येतं.

—

आणि ते कसं विचारायचं तर तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्या प्रश्नात. त्याची भाषाच वेगळी. '(१) अमुक जिल्ह्यातील शाळांच्या दुरुस्तीचा निधी अखर्चित राहिला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत'. उत्तर येतं 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. कधी कधी मात्र 'हे अंशतः खरे आहे' असं येतं. ते आलं की समजायचं आत बरंच काही आहे, आणि उपप्रश्न विचारायचा तो फक्त त्या 'अंशतः'वर, कुठला अंश खरा ते मंत्र्यांनी उभं राहून सांगायचं.