१९७८ ची पद्मिनी, खालचा पत्रा सडलाय. भंगारातल्या टॅक्सीचे पार्ट घालू का?

ऐरोलीकर७८
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण आता डोक्याला शॉट लागलाय. काका गेले आणि त्यांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली, उथळसरला चाळीमागे ताडपत्रीखाली उभी होती, टो करून ऐरोलीला आणली तर सोसायटीच्या सेक्रेटरीचा पहिला प्रश्न, हे भंगार इथे किती दिवस?

अवस्था सांगतो. इंजिन जाम नाही, पुलीला पान्हा लावून फिरवलं तर फिरतंय. पण दोन्ही बाजूचे सिल, म्हणजे दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, बोटाने दाबले तरी आत जातात, ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसतो, डिकीचा फ्लोअर अर्धा गेलाय. ब्रेक पेडल सरळ खाली. डायनॅमो बॅटरी चार्ज करत नाही. स्टिअरिंगवरचा गिअर पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना मधेच अडकतो. आरसी काकांच्याच नावावर आहे आणि रिन्यूअल कधीच संपलंय.

आता शिळफाट्याला एका गोडाऊनवाल्याकडे टॅक्सीची पद्मिनी पडलीये, इंजिनसकट ३० हजार म्हणतोय, उचल म्हणतोय आजच. घेऊ का? गिअर खाली फ्लोअरवर घ्यावा असंही मनात आहे, आणि कोणीतरी म्हणालं ५० वर्षं झाली की व्हिंटेज नंबर मिळतो, मग दोनेक वर्षं थांबू का? रोज चालवायची नाहीये, रविवारी येऊरच्या पायथ्यापर्यंत, कधी अलिबाग, एवढंच.

तुफान_कळवा
भावा टेन्शन कशाला घेतो. मारुती एस्टीमचं इंजिन गिअरबॉक्स टाक, पुढे डिस्क, १४ ची अलॉय, गाडी खाली घे थोडी, कॉलेजसमोरून नेली की पोरं व्हिडिओ काढतील. ११०० सीसीच्या त्या जुन्या इंजिनात काय दम नाय, घोडबंदरच्या चढाला ट्रकवाले हॉर्न मारतात मागून. माझ्या ओळखीत एकाने केलंय, उडते नुसती.

पान्हा१३
तुफान, ती उडते ते खरं, उतरते कुठे ते पण बघायला पाहिजे ना 😀

ऐरोलीकर, आधी टॅक्सीचं बोलू. पद्मिनीचं शेल, म्हणजे बॉडीचा सांगाडा, हे १९६४ ला कुर्ल्यात बनायला लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचंच शेल, त्यामुळे पत्र्याचे बरेच भाग जुळतात, पण ग्रिल, डॅशबोर्ड, आतलं ट्रिम तुझ्या ७८ च्या गाडीला जसंच्या तसं बसेल असं धरून चालू नको, शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांचं वेगळं होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरला रस्त्यावरून उतरली, नोंदणी २००३ ची, २० वर्षांची मर्यादा भरली म्हणून. म्हणजे आता गोडाऊनात दिसतात त्या बऱ्याचशा त्या शेवटच्या काळातल्याच.

टॅक्सी बघायला जाशील तेव्हा टॉर्च, चुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. चुंबक दरवाज्याच्या खालच्या कडेला फिरव, जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये, पत्रा नाही. डिकी उघडून गालिचा उचल, टॅक्सी सीएनजीवर चाललेली असणार, तर सिलिंडरच्या स्टँडची भोकं डिकीच्या फ्लोअरला असतात आणि त्या भोकांभोवतीच गंज आधी धरतो. तुला नेमका डिकीचा फ्लोअर हवाय, म्हणजे तिथूनच तुला मिळणार नाही. पुढे डाव्या बाजूला मीटरची भोकं, टपावर कॅरियरचे व्रण. दरवाजे, बॉनेट, बंपर, काचा, दरवाज्याचे लॉक, काच वरखाली करायचं मशीन, बिजागऱ्या, हे मात्र सोनं आहे, नवीन आता कोण बनवतंय.

इंजिनचं वेगळं. सीएनजी कोरडा जळतो आणि व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या सीटवर झीज जास्त होते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडात (इंजिनच्या वरच्या झाकणात) घुसतो, टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हला पूर्ण बंद व्हायला ठेवलेली फट, बंद होत जातो आणि मग व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे हेड घेतलंस तरी सीट बदलायचं धरूनच घे. हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की फेसिंग करावं, म्हणजे घासून सपाट करावं लागतं आणि कितीदा फेसिंग झालंय ते विकणारा सांगत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज, आकडा थोडा कमी असला तरी चालेल, चौघांत फरक नको. क्रँक कितव्या अंडरसाइजवर आहे, म्हणजे आधी किती घासलाय, ते विचार, ४० वर असेल तर पुढे ग्राइंडिंगला काही उरलं नाही समज. माझं विचारशील तर तुझं इंजिन फिरतंय ना, मग तेच उघड. कंपनीच्या इंजिनवर आपल्या गाडीचा नंबर आहे, याची किंमत पुढे कळेल, आरसीवाले दादा येतीलच इथे.

आणि रबर, ब्रेक, यातलं काहीही भंगारातून घ्यायचं नाही. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट, होज पाइप, लायनर, सगळं नवीन. ड्रम चारही चाकांना आहेत, ते लेथवर बघून घे किती उरलेत. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे सिलिंडर आतून गंजलाच असणार, पेडल खाली जातंय ते म्हणूनच.

आरसी_कार्ड
आलो 🙏 पान्हा भाऊंनी माझं अर्धं काम केलं.

ऐरोलीकर, पहिलं काम पत्र्याचं नाही, कागदाचं. गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, नंतर रिन्यूअलला फॉर्म २५. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यायची असते, उशिराचा दंड महिन्यागणिक चढत जातो आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फीच १०,००० झालीये, पर्यावरण कर वेगळा. रिन्यूअलला गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ती स्वतःच्या पायावर चालणारी आणि ब्रेक लागणारी हवी. ऐरोली वाशी आरटीओत येते, पत्ता बदलायचा अर्जही त्याच वेळी टाक. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पण लागेल, जुन्या गाड्यांना सूट नाही.

एस्टीमचं इंजिन: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं, म्हणजे पद्मिनीला पद्मिनीचं. मालकाने परवानगीशिवाय फेरफार केला तर १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि यापेक्षा मोठा मुद्दा इन्शुरन्सचा, अॅक्सिडेंट झाला, समोरच्याला लागलं, आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर बघितला की पुढे काय ते तुफानने सांगावं.

टॅक्सीबद्दल: पूर्ण सांगाडा घेणार असशील तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद माग. नसेल तर नुसते दरवाजे-बॉनेट घे, बिल घे, आणि इंजिन, चेसिस नंबरच्या प्लेटला हातही लावू नकोस. नंबर असलेली वस्तू बिनकागदाची घरात ठेवणं म्हणजे उद्या कोणी विचारलं तर तूच उत्तर देत बसणार.

व्हिंटेज: जुलै २०२१ चे नियम आहेत, ५० वर्षांवरची, खासगी वापराची, मूळ रूपात असलेली गाडी. चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. नोंदणी फी २०,०००, दहा वर्षांसाठी, पाटीवर व्हीए येतं. पण व्हीए घेतलंस की रस्त्यावर नियमित फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरायला एवढंच. तुला अलिबागला जायचंय. मग साधी नोंदणीच बरी. तरी माझं म्हणणं, ५० वर्षं २०२८ ला होतील, तोपर्यंत शेल कापून त्यात बदल करू नकोस, दोन्ही पर्याय खुले राहतील.

तुफान_कळवा
बरं बाबा बरं, एस्टीम कॅन्सल 😂 पण अलॉय तरी घाल रे

स्मिता_घोडबंदर
माझ्याकडे १९८५ ची आहे, बाबांची, अजून चालते, म्हणून बोलते. ऐरोलीकर दादा, गिअर खाली आणायचं विसरा. ७८ च्या गाडीत तो आणायचा तर प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचा गिअरबॉक्स लागतो आणि मधला पत्रा कापावा लागतो, आणि कापला की तो परत मूळचा होत नाही. अडकतो ते गिअरबॉक्समुळे नाही बहुतेक. स्टिअरिंग कॉलमच्या खाली लिंकेजचे, म्हणजे गिअरच्या जोडदांड्यांचे, बुश असतात, ते झिजून अंडाकृती झालेले असतात, दांडा मधल्यामध्ये भरकटतो आणि दोन गिअरच्या मधे फसतो. बॉनेट उघडून कोणाला तरी वर गिअर हलवायला सांगा आणि खाली लिंकेजकडे बघा, केवढा ढिलेपणा आहे ते डोळ्यांनी दिसतो. वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत, जुना बुश आणि दांडा दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगून काम होत नाही, ते दांडा मोजून नायलॉनचे बुश खरादून देतात. माझा गिअर आता दोन बोटांनी पडतो, आमच्या आईलाही चालवता येते गाडी.

डायनॅमोच्या जागी मारुती ओम्नीचा आल्टरनेटर बसवा, तो भंगारात सहज मिळतो, हा एक भंगारातला पार्ट मी डोळे झाकून सांगीन. ब्रॅकेट मात्र बनवावा लागतो आणि पुली पट्ट्याच्या रेषेत आली पाहिजे, जरा तिरपी राहिली तर पट्टा महिन्यात जातो. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कटआउटचा डबा बायपास होतो, आणि बॅटरीला जाणारी वायर जाड घ्या, जुनी वायर डायनॅमोच्या करंटपुरतीच होती. हेडलाइटला रिले लावा त्याच वेळी. डायनॅमो, कटआउट, ब्रॅकेट, बोल्ट सगळं एका खोक्यात नाव लिहून ठेवा. आरसी दादा म्हणाले तसं २०२८ ला लागलं तर अर्ध्या दिवसात परत बसतं. मी बदललेलं प्रत्येक सामान असंच ठेवलंय, माळा भरलाय, नवरा ओरडतो तो भाग वेगळा.

आणि पेट्रोल. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, इथेनॉल जुन्या रबरला खातं. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, पंपाचा डायफ्राम बदला. इथेनॉल पाणी पण ओढतं, म्हणून गाडी पावसाळ्यात उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका.

ऐरोलीकर७८
अरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. ठरलं मग, शिळफाट्याहून पूर्ण सांगाडा नाही घेत, चार दरवाजे, काचेची मशीनं, बंपर आणि मागची काच बघतो, बिल घेऊन. गिअर वरच. इंजिन आपलंच. तुफान भाऊ, अलॉय नाही, सॉरी.

आता सिल. रबाळ्याला एक पत्र्याचं काम करणारा आहे, तो म्हणतो दोन्ही सिल एकदम कापतो, गॅसने, दोन दिवसांत देतो. देऊ का?

पान्हा१३
नको नको नको. थांब.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, आणि दरवाज्याखालचे सिल म्हणजे तिचा कणा. दोन्ही एकदम कापले की गाडी मधून बसते, डोळ्याला दिसत नाही एवढीच, पण मग दरवाजा लागत नाही, लागला तर उघडत नाही, काच तडकते. पद्धत अशी: गाडी चारही बाजूंनी लेव्हल करून स्टँडवर घे, चाकांवर नको. इंजिन आत असेल तर बाहेर काढ. दरवाजे काढायच्या आधी प्रत्येक दरवाज्याची फट चारी बाजूंनी मोजून टेपवर लिहून तिथेच चिकटव. मग दरवाज्याच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात चौकोनी पाइप टाचे मारून आडवा लाव, दोन्ही बाजूंना. मगच एका बाजूचा सिल काप, नवीन टाक, दरवाजा लावून फट परत मोज, आणि ती जुळली की दुसरी बाजू. घाई करणाऱ्याला हे काम देऊच नकोस.

गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा धरतो, मिग (तारेचं इलेक्ट्रिक) वेल्डिंग करणारा शोध. फ्लोअर आणि सिलला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, वरच्या बाहेरच्या भागाला २० गेज पुरतो. गंजलेल्यावर पॅच मारायचा नाही, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत मागे कापत जायचं, कितीही जीवावर आलं तरी. वेल्डनंतर इपॉक्सी प्रायमर, आणि सिलच्या पोकळीत आतून मेण किंवा तेल फवारायचं भोक ठेव, रबरी बूच लावून. खाली पाणी निथळायची भोकं असतात ती पेंटवाले लांबीने बुजवतात, बघून घे, ती बुजली की तीन पावसाळ्यांत परत इथेच येशील प्रश्न घेऊन. खाडीकाठी राहतोस, खारी हवा आहे.

ऐरोलीकर७८
समजलं. दुसरा माणूस शोधतो. शेवटचं एक, पेट्रोलची टाकी खालून पाझरतेय, तो रबाळेवालाच म्हणाला सोबत तिलाही टाका मारतो.

पान्हा१३
त्याला टाकीच्या जवळ येऊ देऊ नकोस. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ असते, ठिणगी पडली की संपलं. रेडिएटर रिपेअरवाल्याकडे दे, ते आधी धुऊन वाफ काढून मग डाग लावतात. रेडिएटर पण त्यालाच दे, पितळी असेल तर नवीन कोअर टाकून मिळतो, नवीन घ्यायची गरज नाही.

स्मिता_घोडबंदर
रेडिएटरवाला वागळेलाच आहे एक, लेथवाल्याच्या गल्लीत. मला मेसेज करा, शनिवारी माझीच गाडी न्यायचीये तिकडे, या सोबत, बुश कसे मोजतात तेही बघता येईल. टाकी धुवायला द्यायची तर काढूनच आणा, फ्लोटचं युनिट बाहेर ठेवून.