तिसरी बॅग कुणाच्या कार्डावर?

(कोथरूडमधल्या एका सोसायटीचा ग्रुप, बुधवार सकाळ)

सेक्रेटरी, ए-१०१: उद्या सकाळी १० ते १ वरच्या टाकीची साफसफाई. पाणी भरून ठेवा. नंतर "आम्हाला कळलंच नाही" चालणार नाही 🙏

कुलकर्णी काकू, बी-२०२: बरं. पाण्याचं झालं, आता माझं एक काम आहे. जाणकारांनी सांगा. लेकीकडे शिकागोला निघालेय, बाळंतपण आहे. एजंट म्हणतो २३-२३ किलोच्या दोन बॅगा नेता येतील. माझं सामान तीन बॅगांचं होतंय. डिंक, अळीव, सुंठ, दुपटी, झबली, शिवाय तिचा मिक्सर. यांच्याकडे एअर इंडियाचं गोल्ड कार्ड आहे, पण तिकीट लुफ्तांसाचं. त्या कार्डावर माझी तिसरी बॅग जाईल का? एजंटने संध्याकाळी ६ पर्यंत तिकीट धरून ठेवलंय.

निखिल, सी-५०४: काकू, माझ्याकडे इंडिगोचे पॉइंट पडून आहेत, ते वापरा

देशपांडे, सी-६०१: निखिल, तुझ्या पॉइंटवर लुफ्तांसाची बॅग कशी जाईल बाबा.

निखिल, सी-५०४: इंडिगोचं टर्किश, केएलएम सगळ्यांशी टायअप आहे ना?

देशपांडे, सी-६०१: आहे, पण ते शेजाऱ्याशी वाटीभर साखरेची देवाणघेवाण असते तसं. ज्याच्याशी जेवढा करार तेवढंच. काकू विचारतायत ते वेगळं, ते घराण्याचं प्रकरण आहे. स्टार अलायन्स म्हणून एक मोठं एकत्र कुटुंब आहे. १९९७ साली लुफ्तांसा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन अशा पाच जणांनी मिळून सुरू केलं. आपली एअर इंडिया त्यात २०१४ च्या जुलैमध्ये गेली. सिंगापूर, टर्किश, स्विस, इथिओपियन, जपानची एएनए हे सगळे त्याच घरातले. त्यातल्या एकाने गोल्ड केलं की बाकी सगळ्यांनी त्या माणसाचा मान ठेवायचा, असा ठराव आहे. त्यामुळे काकांचं एअर इंडियाचं कार्ड लुफ्तांसात चालतं.

कुलकर्णी काकू, बी-२०२: म्हणजे जाईल बॅग. वाचले.

देशपांडे, सी-६०१: थांबा काकू. कार्ड काकांचं आहे. काका तुमच्याबरोबर आहेत का?

कुलकर्णी काकू, बी-२०२: नाहीत ना. मी १४ सप्टेंबरला जाणार, हे महिन्याभराने. पण नवरा-बायकोत काय वेगळं? रेशनकार्ड एकच आहे आमचं.

गोखले आजोबा, ए-४०३: 😂

सामंत मॅडम, ए-३०२: काकू, मी २६ वर्षं चेक-इन काउंटरला होते, म्हणून बोलते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचा. "माझा मुलगा गोल्ड आहे", "मिस्टर गोल्ड आहेत", एकदा तर "आमचे व्याही गोल्ड आहेत". त्या वेळी मी एकच सांगायचे. पॉइंट म्हणजे पैसे. काका त्यांच्या खात्यातून तुमचं तिकीट काढू शकतात, एअर इंडियाचंच नाही तर जोडीदार कंपनीच्या विमानाचंसुद्धा. पण गोल्ड म्हणजे वरमाईचा मान. ती मांडवात हजर असेल तरच मिळतो, आणि तिलाच मिळतो. तिची साडी नेसून शेजारीण आली तर तिचे पाय कुणी धूत नाही.

कुलकर्णी काकू, बी-२०२: मग या कार्डाचा उपयोग काय? दर आठवड्याला दिल्लीला जाऊन जाऊन कमावलंय म्हणे.

कुलकर्णी काका, बी-२०२: व्हिस्टारावर कमावलेलं आहे. ती १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट आणि दर्जा महाराजा क्लबात, म्हणजे एअर इंडियाच्या पॉइंटयोजनेत, आले. उपयोग मला आहे.

कुलकर्णी काकू, बी-२०२: हे शेजारच्या खोलीत बसून इथे टाइप करतायत. 🙏

शिंदे, बी-५०१: माझं कतारचं कार्ड आहे, ते लुफ्तांसाला चालेल का? असंच विचारतोय.

देशपांडे, सी-६०१: नाही. कतार वनवर्ल्डमध्ये, ब्रिटिश एअरवेज आणि कॅथेवाल्यांच्या घरात. एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा हे स्कायटीम. एमिरेट्स, इतिहाद तिन्ही घरांत नाहीत, त्यांचे वेगवेगळे करार. आणि ही घरं फुटतातही. ज्या पाच जणांनी स्टार काढली त्यातली स्कँडिनेव्हियन २०२४ च्या सप्टेंबरपासून स्कायटीमकडे गेली. तेव्हा जुन्या माहितीवर तिकीट काढू नका.

सेक्रेटरी, ए-१०१: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया लक्षात ठेवा.

गोखले आजोबा, ए-४०३: कुलकर्णी खजिनदार आहेत. ते कुठे जातात, केव्हा जातात हे सोसायटीचंच काम आहे.

कुलकर्णी काकू, बी-२०२: देशपांडे, हे बरोबर आले तर माझी तिसरी बॅग जाईल का तेवढं सांगा.

देशपांडे, सी-६०१: तुमची नाही, त्यांची जाईल. बॅगा नगावर मोजतात त्या मार्गांवर स्टार गोल्डला एक नग जास्त, आणि किलोवर मोजतात तिथे २० किलो जास्त. अमेरिका म्हणजे नग. तुमच्या दोन, काकांच्या तीन, मिळून पाच. पाचवीवर काकांचं नाव पडेल, आत मिक्सर कुणाचा हे कुणी विचारत नाही. शिवाय लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या खास बैठकीच्या खोलीत, काकांना एक पाहुणा नेता येतो, एकाच विमानाने जाणार असाल तर. चेक-इनला वेगळी रांग, बॅगेवर प्रायॉरिटीचा टॅग. फ्रँकफर्टला लुफ्तांसाच्या सेनेटर लाउंजमध्ये बसा, तिथे अंघोळ करता येते. मधल्या थांब्याला बाकड्यावर अवघडून पेंगण्यापेक्षा हे फार बरं. नुसतं सिल्व्हर असतं तर यातलं काहीच नाही. स्टार सिल्व्हरला फक्त वेटिंग लिस्टमध्ये पुढचा नंबर मिळतो. त्या कार्डावर लाउंजच्या दारात वाद घालणारे मी पाहिलेत.

सामंत मॅडम, ए-३०२: येताना शिकागोला युनायटेडच्या पोलारिस लाउंजच्या दारात कार्ड दाखवू नका. तिथे बिझनेसचं तिकीटच लागतं, गोल्डला युनायटेड क्लब. एक गंमत सांगते. युनायटेडने स्वतःच्या गोल्ड लोकांना निव्वळ अमेरिकेतल्या प्रवासाला क्लब बंद ठेवलाय. पण दुसऱ्या कंपनीचं स्टार गोल्ड घेऊन आलेल्याला तो उघडा. म्हणजे काकूंचे जावई युनायटेडचे गोल्ड असले तरी शिकागोहून डेन्व्हरला जाताना बाहेर बसणार. कुलकर्णी काका मात्र आत, आणि जावयाला पाहुणा म्हणून नेणार.

कुलकर्णी काका, बी-२०२: हे आवडलं.

निखिल, सी-५०४: सासऱ्याने जावयाचा मान ठेवला 😄

कुलकर्णी काकू, बी-२०२: आवडलं तर या ना मग बरोबर.

कुलकर्णी काका, बी-२०२: २१ सप्टेंबरला वार्षिक सभा आहे. हिशेब मी मांडायचे आहेत.

शिंदे, बी-५०१: काका, मागच्या वर्षीचे आकडे वाचून दाखवले तरी आम्हाला फरक कळणार नाही.

सेक्रेटरी, ए-१०१: शिंदे, असं ग्रुपवर लिहू नका.

सामंत मॅडम, ए-३०२: काकू, एजंटने पाठवलेल्या कागदाचा फोटो टाका बघू. पासपोर्ट नंबर झाकून.

कुलकर्णी काकू, बी-२०२: (फोटो)

सामंत मॅडम, ए-३०२: अहो! पुणे–दिल्ली इंडिगो, आणि ते वेगळं तिकीट आहे. दिल्लीपासून पुढे लुफ्तांसा. म्हणजे तुम्ही लोहगावला ४६ किलो घेऊन उभ्या राहणार आणि ते म्हणणार देशातल्या तिकिटावर १५ किलो. उरलेल्याचे पैसे भरा. काका बरोबर असले तरी इंडिगोच्या काउंटरला त्यांचं गोल्ड म्हणजे नुसतं सोनेरी प्लॅस्टिक. शिवाय दिल्लीला बॅगा स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन. सगळं एकाच तिकिटात असतं तर सुरुवातीला लागलेला अमेरिकेचा नगाचा नियम शेवटपर्यंत लागला असता.

कुलकर्णी काकू, बी-२०२: एजंट म्हणाला यात ४ हजार वाचतात.

सामंत मॅडम, ए-३०२: ते चार हजार तुम्ही पुण्यातच मोजून देणार.

गोखले आजोबा, ए-४०३: २००८ साली लुफ्तांसाने पुण्याहून थेट फ्रँकफर्ट सुरू केलं होतं. घरून डबा घेऊन निघालं की रिक्षाने विमानतळ. ते दिवस गेले.

देशपांडे, सी-६०१: मुंबईहून काढा की काकू. मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तांसा, पुढे शिकागो, एकच तिकीट. घरून गाडी केली की पाच बॅगा डिकीत आणि कॅरिअरवर. घाटात ट्रॅफिक धरून सात तास आधी निघा. आणि सगळ्यांनाच सांगतो, तिकिटावर "ऑपरेटेड बाय" अशी बारीक ओळ असते ती वाचा. फ्लाइट नंबर लुफ्तांसाचा असून फ्रँकफर्ट–शिकागोचं विमान युनायटेडचं असू शकतं. तुमच्या बाबतीत बिघडत नाही, दोघं एकाच घरातले. पण एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान असेल तर ती टाटांचीच असूनही स्टारमध्ये नाही. मान मिळतो तो विमान ज्याचं त्याच्याकडून, नंबर कुणाचाही असो.

मनीषा, ए-२०४: पॉइंट पण तसेच मिळतात का? आम्ही दोघं जूनमध्ये सिंगापूरला जाऊन आलो, काहीच जमा झालं नाही.

देशपांडे, सी-६०१: मनीषाताई, पॉइंटचं गणित वेगळं. एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानात एप्रिल २०२४ पासून किती रुपये मोजले त्यावर पॉइंट. जोडीदाराच्या विमानात अंतर आणि तिकिटाचं अक्षर बघतात. इकॉनॉमीतही वाय, बी, के, टी अशी दहा-बारा अक्षरं असतात. महागड्या अक्षराला पूर्ण अंतर, स्वस्ताला थोडंसं, अगदी स्वस्ताला शून्य. दिल्ली–फ्रँकफर्ट साधारण ३८०० मैल, फ्रँकफर्ट–शिकागो सुमारे ४३००. अक्षर चांगलं असेल तर एका बाजूलाच आठ हजार, नाहीतर भोपळा. तुमचं अक्षर काय होतं?

मनीषा, ए-२०४: अक्षर बिक्षर कुणी बघितलं. नंबर तर दिला होता.

सामंत मॅडम, ए-३०२: नाव तपासा. आपल्याकडे नेहमीचा घोळ. पासपोर्टवर "गिव्हन नेम"मध्ये तुमचं नाव आणि मिस्टरांचं नाव एकत्र, क्लबच्या खात्यात नुसतं मनीषा, नाहीतर माहेरचं आडनाव. कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. आधी खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करा, मग बोर्डिंग पास जोडून दावा टाका.

मनीषा, ए-२०४: बोर्डिंग पास कुठे आहे देव जाणे.

देशपांडे, सी-६०१: शोधा, पुस्तकात खुणेला घातलेला असतो. माझं स्वतःचं ऐका. एका कंपनीच्या विमानाने टोकियोला जाऊन आलो, बिझनेसमध्ये, ऑफिसच्या खर्चाने. आयुष्यात एकदाच. काउंटरवरच्या मुलाला जोडीदार कंपनीचा नंबर सांगितला, त्याने एक आकडा चुकवला, मी पासवर वाचून पाहिलं नाही. आठव्या महिन्यात दावा टाकला. उत्तर आलं, मुदत सहा महिन्यांची. आता पास हातात आला की आधी नंबर वाचतो, मग गेट. गोल्डवाल्यांच्या पासवर तर दर्जाही छापून येतो. नसेल तर तिथेच बोलायचं, लाउंजच्या दारात नाही.

शिंदे, बी-५०१: एका प्रवासाचे पॉइंट दोन्ही कंपन्यांत घेता येतात का? एकीकडून थोडे, दुसरीकडून थोडे?

सामंत मॅडम, ए-३०२: नाही. एक विमान, एक खातं. आणि इथले पॉइंट उचलून तिथे टाकताही येत नाहीत. वर्षातून एकदा परदेशी जाणाऱ्याने एकाच घराण्यातलं एकच खातं धरावं, हे माझं मत. पाच कंपन्यांत दोन-दोन हजार साठवलेल्यांचे पॉइंट मुदत संपून जातात, हे किती बघितलंय.

निखिल, सी-५०४: म्हणजे मी

कुलकर्णी काका, बी-२०२: एजंटशी बोललो. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो, दोघांचं, एकच तिकीट, १४ तारीख. माझा महाराजा क्लबचा नंबर तिकिटात घालायला सांगितला, कंपनीच्या रकान्यात एअर इंडिया निवडून. त्याने आधी लुफ्तांसा निवडलं होतं. वाचून दुरुस्त करून घेतलं.

कुलकर्णी काकू, बी-२०२: मला हे इथेच कळतंय!

सेक्रेटरी, ए-१०१: आणि सभा??

कुलकर्णी काका, बी-२०२: ७ तारखेला घ्या. १४ दिवसांची नोटीस देता येते, आज काढली तर बसते. हिशेब तयार आहेत.

गोखले आजोबा, ए-४०३: मिक्सरमुळे सभा वेळेच्या आधी होतेय. पहिल्यांदाच.

सेक्रेटरी, ए-१०१: नोटीस संध्याकाळी लावतो. टाकीचं विसरू नका.

मनीषा, ए-२०४: काकू, माझा भाचा शिकागोतच आहे. पाच बॅगा आहेत तर दोन किलो भाकरवडी न्याल का? सीलबंद देते.

कुलकर्णी काकू, बी-२०२: पाचवी बॅग यांच्या नावावर आहे ग. त्यांना विचार.

कुलकर्णी काका, बी-२०२: अर्धा किलो. आणि कस्टमच्या फॉर्मवर मी ती लिहिणार, म्हणजे पाकिटावर नाव इंग्रजीत हवं.