अनुभव धागा: ट्रॉला, नऊ गिअर आणि मानपूरचा उतार

इंदूरच्या मराठी माणसांचा विषय निघाला की होळकर येतात, राजवाडा येतो, शाळामास्तर येतात. ट्रक ड्रायव्हर काही येत नाहीत. हा धागा खास त्यांच्यासाठी. हाताने गिअर टाकायचा ट्रॉला, म्हणजे मागे लांब ट्रेलर जोडलेला ट्रक, कसा शिकलात? अडलं कुठे? नव्या मुलाला पहिली गोष्ट काय सांगाल? 'नजर पाहिजे, हिंमत पाहिजे' छापाचं नको. नेमकं लिहा.

रामबाग, आता घरीच असतो

खलासी म्हणून चढलो, टायर ठोकत आणि काच पुसत शिकलो. आमच्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला सिंक्रो (दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नव्हता, त्यामुळे उस्ताद डबल क्लच घोटून घ्यायचे. क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस कमी पडली की दाते करकरायचे आणि उस्तादांचा पंजा पाठीत बसायचा. आवाजावरून गिअर कळू लागला तेव्हा कुठे चहाचे पैसे त्यांनी दिले. आम्ही उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचो. मालकही खूश असायचे.

पीथमपूर, ट्रॉला चालवतो

काका, तेवढं न्यूट्रलचं सोडून बाकी सगळं मान्य! नव्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये असली आणि पाय रेसवर नसला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर इंजिनची पकडही जाते.

आता माझं. घोडा, म्हणजे ट्रॉला ओढणारा पुढचा भाग, नऊ गिअरचा: एक क्रॉलर (सगळ्यात हळू, जोराचा गिअर), चार लो रेंजमध्ये (कमी वेगाचे), चार हाय रेंजमध्ये (जास्त वेगाचे). चारवरून पाचवर जाताना रेंज हवेच्या दाबावर बदलते, म्हणून दांडा न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबू द्यावा लागतो. कारवर शिकलेली मुलं तिथेच घाई करतात. भरलेली गाडी पहिल्यावर उचलायची, रिकामी असेल तर दुसऱ्यावर चालते. क्रॉलर चढावासाठी राखून ठेवा. आणि चालत्या गाडीत क्लचवर पाय ठेवून बसू नका, प्लेट जळते. तिचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

निघायच्या आधी हवा भरू द्या. दाब कमी असेल तर बझर वाजत राहतो आणि हँडब्रेकही सुटत नाही, कारण त्यात स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते आणि हवा तिला सोडवते. लोकांना उलटं वाटतं.

खरी शाळा मानपूरच्या पुढे. पठार संपतं आणि रस्ता खलघाटकडे, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. तोच प्रकार सेंधव्यापुढे बिजासन घाटात. उतार दिसायच्या आधीच खालचा गिअर पडलेला हवा. वेग वाढल्यावर गिअर काढला तर पुढचा बसेलच याची खात्री नाही, आणि मग सगळं ओझं ब्रेकच्या लायनरवर. लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) लावा, पण तोही इंजिनचे फेरे चांगले असतील तरच जोर दाखवतो, म्हणून पुन्हा खालचाच गिअर. आमचे उस्ताद म्हणायचे, ज्या गिअरने हा घाट चढशील त्याच गिअरने उतर. नव्या, ताकदवान इंजिनांना मी त्याहून एक खालचा धरतो.

टिळकनगर

सासरचा धंदा ट्रान्सपोर्टचा, म्हणून शिकले. 'ताई, तुमच्याने क्लच दबेल का?' असं विचारणाऱ्यांना सांगते, आता क्लचला हवेची मदत असते आणि स्टिअरिंग पॉवरचं असतं. अडचण सीटची होती. क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील एवढी पुढे घेतली आणि अर्धं काम झालं. भोपाळच्या योगिता रघुवंशी वकिलीचं शिक्षण घेऊन ट्रक चालवतात, त्यांची मुलाखत मी सासूबाईंना दाखवली होती. सासूबाईंचा प्रश्न एकच: जेवतात कुठे? खरं सांगू, तोच प्रश्न बरोबर होता. हायवेवर बाथरूम शोधणं गिअरपेक्षा अवघड आहे.

राऊ, मुलांना शिकवतो

लायसन्सबद्दल थोडं. हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय अवजड गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही, वय वीस पूर्ण हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. मान्यताप्राप्त केंद्रात अवजड वाहनाचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो. कोणी चार दिवसांत सर्टिफिकेट देतो म्हणाला तर भाऊ, तिथून निघा.

देवास नाका, शिकतोय

पुढे चालवायला जमतंय. वळणावर ट्रॉल्याची मागची चाकं आतून कापतात, तेही लक्षात आलं, आता रुंद घेतो. पण रिव्हर्समध्ये मेंदू बंद पडतो. काही युक्ती?

राऊ, पुन्हा मीच

स्टिअरिंग खालून धरा. ट्रॉल्याची शेपटी ज्या बाजूला न्यायची, हात त्याच बाजूला सरकवा. वरून धरलंत की सगळं उलट होतं. वळण थोडं-थोडं द्या. ट्रॉला जास्त दुमडतोय असं दिसलं की ओढाताण न करता पुढे घेऊन सरळ करा. शंका आली तर उतरून बघा, त्यात लाज नाही. आणि मागे 'आने दो, आने दो' म्हणणारे इंदुरात दहा जण उभे राहतात. खलासी एकच ठरवा, तो आरशात दिसेनासा झाला की ब्रेक.