जुन्या पीसीतली विंडोजवाली एसएसडी नव्या पीसीला लावली, बूटच होत नाहीये. फॉरमॅट न मारता काही जमेल का?

पत्रिका_फ्लेक्सवाला
नमस्कार मंडळी, माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स अशी कामं. जुना पीसी आय३ चौथ्या जनरेशनचा, एच८१ बोर्ड, त्यात ४८० जीबीची साटा एसएसडी, विंडोज १० (मुळात ७ होती, तीच अपग्रेड केलेली). परवा नवा पीसी घेतला, आय५ १२४००, एच६१० बोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. म्हटलं एसएसडी काढून इकडे लावू, काम सुरू. तर बायोसमधे साटाच्या यादीत एसएसडीचं नाव दिसतंय पण बूटच्या यादीत काहीच नाही. सीएसएमचा ऑप्शन आहे पण तो चालू करता येत नाही. जिथून पीसी घेतला ते म्हणतात फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही. पण माझी श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), कोरल, दोनेकशे फॉन्ट, सगळं त्याच सी ड्राइव्हवर बसवलेलं आहे आणि सीड्या आता सापडत नाहीत. श्रीलिपीचं डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) आहे फक्त. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते, त्याआधी हे मार्गी लावायचंय. कृपया कुणीतरी सांगा.

बोर्ड_रिपेअर
दादा फॉरमॅट अजिबात मारू नका, एसएसडी चांगली आहे आणि विंडोजही चांगली आहे. झालंय काय की तुमची विंडोज ७ च्या काळात लेगसी मोडमधे टाकलेली, म्हणजे डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत). नवा बोर्ड फक्त यूईएफआयने (बूटच्या नव्या पद्धतीने) बूट करतो आणि त्याला जीपीटी म्हणजे नव्या नोंदणीची डिस्क लागते, त्यावर एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, बायोस तेच शोधतो. तुमच्या डिस्कवर ते नाहीच म्हणून यादीत नाव येत नाही. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, पण इंटेलच्या ५०० सिरीजपासून पुढच्या बोर्डांवर प्रोसेसरमधलं ग्राफिक वापरत असाल तर ती चालत नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

विंडोज १० मधेच (१७०३ व्हर्जनपासून) एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न घालवता डिस्क बदलून देतं. एसएसडी परत जुन्या पीसीत लावा, आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या (क्लोनझिला फुकट आहे), मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या टूलला आधी स्लॅश व्हॅलिडेट देऊन बघा. ते पास झालं तरच स्लॅश कन्व्हर्ट. चालू विंडोजमधून करताय म्हणून दोन्ही वेळा शेवटी स्लॅश अलाउफुलओएस लावायचं. कन्व्हर्ट झाल्यावर जुना पीसी लेगसीत बूट होणार नाही, घाबरू नका, तसंच व्हायला पाहिजे.

आणि हो, इमेज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका ही हात जोडून विनंती. तुमचं सगळं दुकान त्या एका एसएसडीवर आहे.

सावली१२
अजून एक, फक्त यांच्यासाठी नाही, जे कोणी लॅपटॉपचा ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावणार आहेत त्यांनी आधी बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय) बघा. माझ्या लॅपटॉपचा बोर्ड गेला, ड्राइव्ह दुसऱ्या मशिनला लावला तर निळा स्क्रीन आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. मी बिटलॉकर कधी चालू केलेलंच नव्हतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर ते आपोआप चालू झालेलं. नशीब की की त्याच अकाउंटमधे सेव्ह होती, मोबाइलवर लॉगिन करून एकेक आकडा बघत टाकली. पीसी चालू आहे तोवरच ती की कागदावर लिहून ठेवा किंवा बिटलॉकर सस्पेंड करून मग ड्राइव्ह काढा.

पत्रिका_फ्लेक्सवाला
बिटलॉकर बंदच आहे, बघितलं. इमेज घेतली. पण व्हॅलिडेटला अडकलो, "डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क ०" असं येतंय. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि ई असे चार भाग आहेत.

बोर्ड_रिपेअर
डिस्क मॅनेजमेंट उघडा, ई च्या भोवती हिरवी चौकट दिसते का? दिसत असेल तर ई हे लॉजिकल पार्टिशन आहे, एक्स्टेंडेडच्या पोटात बसलेलं. हे टूल एक्स्टेंडेड चालवून घेत नाही, आणि प्रायमरी पार्टिशनंही जास्तीत जास्त तीनच चालतात. ई मधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोनचार फाइली उघडून खात्री करा, मग ई डिलीट करा. त्यानंतर तिथे हिरव्या चौकटीत फ्री स्पेस उरेल, ती पण राइट क्लिक करून डिलीट करायची, बरेच जण इथेच थांबतात आणि परत तोच एरर येतो. पट्टी काळी झाली आणि अनअलोकेटेड लिहून आलं की पुन्हा व्हॅलिडेट. ई नंतर परत बनवता येईल.

गोव्यातून_मी
हे करताय तर जुन्या पीसीवरच दोन कामं उरकून घ्या. नव्या बोर्डाचा लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, कारण नव्या मशिनवर पहिल्यांदा चालू झाल्यावर नेट नसेल तर ड्रायव्हर तरी कुठून आणणार (मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंगवर पण भागतं). आणि शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपल्यासारखी बंद होणार नाही, पूर्ण बंद होईल.

लायसन्सचं पण बघून ठेवा, रनमधे एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय टाकलं की ओईएम (पीसीसोबत आलेलं) आहे की रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) ते कळतं. ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डालाच बांधलेलं असतं, नव्यावर येत नाही. रिटेल नेता येतं.

पत्रिका_फ्लेक्सवाला
झालं!! फ्री स्पेस डिलीट केल्यावर व्हॅलिडेट लगेच पास, कन्व्हर्टला मिनिटभर पण लागला नाही. एसएसडी नव्या पीसीत लावली, बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर असं नाव आलं, मग गेटिंग डिव्हायसेस रेडी म्हणत बराच वेळ टक्के मोजत बसली, एकदा आपोआप रीस्टार्ट झाली आणि समोर माझा तोच डेस्कटॉप, आयकॉन सुद्धा जिथल्या तिथे. लॅन खरंच चालत नव्हतं, पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर कामी आला. डोंगल लावलं, श्रीलिपी उघडली, २०१६ ची एक पत्रिका कोरलमधे उघडून बघितली, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागेवर आहे, एक अक्षर हललं नाही. बोर्ड_रिपेअर दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.

लायसन्स ओईएम निघालं, ते नवीन घेतो. आता ११ वर जावं का?

बोर्ड_रिपेअर
छान वाटलं वाचून. जायला तर लागेल, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा पीसी ११ ला बसतो, बायोसमधे इंटेल पीटीटी (११ ला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं फीचर) तेवढं चालू आहे का बघा. वरूनच अपग्रेड करा, सॉफ्टवेअर तसेच राहतात. पण आधी आजच्या चालू अवस्थेची एक नवीन इमेज घ्या, आणि पत्रिकांचा सीझन उरकल्यावरच हात घाला. आणि ई परत बनवलीत की बाहेर काढलेला डेटा बाहेरच्या डिस्कवरून लगेच पुसू नका, तिथे पण राहू द्या.